मायनर लीग बेसबॉलचा अख्खा हंगाम कसा पाहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल जवळ आला की न्यू जर्सी, टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना आणि बे एरियातल्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. सलग वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखंच ना?

नाही, आणि हा गैरसमज जितका लवकर जाईल तितकं बरं. रणजीत मुंबईचा संघ मुंबईसाठी खेळतो. इथे संघ गावाचा असतो, खेळाडू मात्र दुसऱ्याच्या मालकीचे असतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ३० क्लब आहेत आणि प्रत्येकाचे पूर्ण हंगाम खेळणारे चार मायनर संघ, म्हणजे एकूण १२०. खेळाडू आणि कोच नेमतो मेजर क्लब, त्यांचे पगारही तोच देतो. स्थानिक मालकाकडे उरतं ते मैदान, तिकिटं, खाणंपिणं, टोप्या आणि आतषबाजी.

त्यामुळे कोण खेळणार, किती इनिंग खेळणार (एरवी मॅच नऊ इनिंगची, म्हणजे नऊ डावांची), पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, किती चेंडू टाकायचे हे सगळं वरून ठरून येतं. सहा इनिंग एकही धाव न देणाऱ्या पिचरला ८० चेंडूंनंतर काढतात आणि पुढचा येऊन मॅच घालवतो. प्रेक्षक डोकं धरून बसतात, पण मेजर क्लबच्या दृष्टीने त्या रात्री काहीच बिघडलेलं नसतं. संघ जिंकला तर चांगलंच, पण हा सगळा खटाटोप खेळाडू वर जावा यासाठी आहे. हे एकदा पचलं की खालचे अर्धे प्रश्न पडत नाहीत.

२. ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए यांत फरक काय? कोणतं पाहावं?

सिंगल-ए ही खालची पायरी. इथे १८ ते २१ वयाची मुलं जास्त, काही नुकतीच ड्राफ्टमधून (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत) किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि व्हेनेझुएलातून आलेली. चेंडूचा वेग भरपूर, दिशेचा भरवसा नाही, क्षेत्ररक्षणात चुका होतात. हाय-ए त्याच्या वर. डबल-ए ही खरी चाळणी समजली जाते, कारण नुसत्या वेगावर तरणारे इथे उघडे पडतात. ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगचा उंबरठा: एकीकडे उद्या वर जाणारा बावीस वर्षांचा मुलगा, दुसरीकडे चारदा वर जाऊन आलेला तिशी ओलांडलेला खेळाडू.

आमचं मत विचाराल तर निव्वळ खेळ पाहायला डबल-ए सर्वांत रंगतदार. ट्रिपल-एमध्ये माणसं रोज येतात-जातात, संघाशी ओळखच होत नाही. या चारांच्याही खाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या सराव संकुलांत कॉम्प्लेक्स लीग चालतात. तिथे प्रेक्षक मोजके आणि स्कोअरबोर्डवर नावं असतीलच असं नाही, आणि हंगामही मे उजाडल्यावरच सुरू होतो.

३. हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो?

ट्रिपल-ए मार्चच्या अखेरीस सुरू होतं आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतं. त्यात १५० मॅच असतात. बाकी तिन्ही पायऱ्या एप्रिलच्या सुरुवातीला उघडतात: डबल-ए १३८ मॅच, हाय-ए आणि सिंगल-ए १३२. खालच्या दोन पायऱ्यांचा साखळी हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच आटोपतो. 'सप्टेंबरात निवांत जाऊ' म्हणणाऱ्यांची दर वर्षी फसगत होते ती इथेच.

एकूण मॅचच्या निम्म्या घरच्या मैदानावर. आठवड्याचा साचा ठरलेला: मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाविरुद्ध सहा मॅच, सोमवारी सुट्टी. काही अपवाद सोडले तर हाच क्रम हंगामभर टिकतो. म्हणजे तुमचा संघ एक आठवडा घरी, पुढचा बहुधा बाहेर. घरची कामं त्या हिशेबाने लावा.

४. आम्ही अमुक ठिकाणी राहतो. कोणता संघ धरू?

गाडीने ४० मिनिटांच्या आत पोहोचता येईल तो. मेजर लीगमधला आवडता क्लब कोणता यावरून निवडू नका. शुक्रवारी संध्याकाळी दीड तासाच्या वाहतुकीत दोनदा अडकलात की तिसऱ्यांदा जाणार नाही.

मध्य न्यू जर्सीत ब्रिजवॉटरचे सॉमरसेट पेट्रियट्स (यांकीजचा डबल-ए). बालाजी मंदिर त्याच गावात आहे, त्यामुळे दर्शन आणि मॅच एका फेरीत उरकणारी कुटुंबं कमी नाहीत. समुद्राकडे लेकवुडला जर्सी शोअर ब्लूक्लॉज (फिलीजचा हाय-ए), पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला ॲलनटाउनचे लिहाय व्हॅली आयर्नपिग्ज (फिलीजचा ट्रिपल-ए). डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को रफरायडर्स (रेंजर्सचा डबल-ए). त्यांच्या मैदानात आउटफिल्डच्या मागे चक्क पोहण्याचा संथ वाहता कालवा आहे. ह्यूस्टनला शुगर लँड स्पेस काउबॉइज (ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए), रॅली-केरीकरांना डरम बुल्स (रेजचा ट्रिपल-ए), बे एरियात सॅन होजे जायंट्स (जायंट्सचा सिंगल-ए), ज्यांचं मैदान १९४२ सालचं आहे आणि तसं दिसतंही. सिॲटलला टॅकोमा रेनियर्स आणि एव्हरेट ॲक्वासॉक्स, दोन्ही मरिनर्सचे.

जाता जाता: डॅलसजवळ ग्रँड प्रेरीत पूर्वी एअरहॉग्ज नावाचा बेसबॉल संघ खेळायचा. तो बंद पडला आणि त्याच मैदानाचं रूपांतर होऊन २०२३ पासून तिथे मेजर लीग क्रिकेट खेळलं जातं.

५. हंगामाचा पास घ्यावा की एकेक तिकीट?

पहिल्या वर्षी पूर्ण पास घेऊ नका. घरच्या ६६ ते ७५ मॅचपैकी नोकरी आणि मुलं सांभाळून १२ ते १५ झाल्या तरी हंगाम चांगला पाहिला म्हणायचा. बहुतेक क्लबांकडे १० किंवा २० मॅचची छोटी योजना असते, नाहीतर तारीख न घातलेल्या तिकिटांचा गठ्ठा असतो. गठ्ठा सोयीचा, पण घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: ४ जुलैला आणि आतषबाजीच्या रात्री ती चालतात का, न वापरलेली पुढच्या वर्षी चालतात का (बहुधा नाही), आणि पावसाने मॅच गेली तर बदलून मिळतात का (प्रश्न ११).

सुट्टं तिकीट बहुतेक ठिकाणी १० ते २५ डॉलरच्या दरम्यान पडतं. ऑनलाइन घेताना शुल्क वर चढतं. चौघांचं कुटुंब असेल तर मैदानावरच्या खिडकीवर घेऊन एका पॉपकॉर्नचे पैसे सहज वाचतात. तिथे रोख घेतात का हे मात्र आधी पाहा, अनेक मैदानं आता फक्त कार्ड घेतात.

६. कोणत्या वारी जावं?

खेळ पाहायचा असेल तर मंगळवार-बुधवार. गर्दी कमी, पार्किंग जवळ, हवी तिथे जागा. गुरुवारी बऱ्याच मैदानांवर बिअर स्वस्त असते आणि त्यानुसार आवाजही. शुक्रवार-शनिवार आतषबाजी, मॅचनंतर मैदान रिकामं व्हायला अर्धा तास जास्त धरा. रविवार दुपार मुलांची. शेवटी त्यांना बेसवरून धावू देतात.

एप्रिल-मेमध्ये आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराची मॅच दिसली तर सावध. तो शाळांचा दिवस असतो. पिवळ्या बसगाड्या भरभरून मुलं येतात आणि नऊ इनिंग एका सुरात किंचाळतात.

बाहुली किंवा जर्सी वाटपाच्या दिवशी 'पहिल्या १,५०० प्रेक्षकांना' असं लिहिलेलं असतं. तिथे १,५०० ही तिकिटं नव्हेत, गेटातून आत शिरलेली माणसं. गेट साधारण एक तास आधी उघडतं, रांग त्याच्याही तासभर आधी लागते.

७. बसायला कुठली बाजू चांगली?

संध्याकाळच्या मॅचला तिसऱ्या बेसची बाजू. बहुतेक मैदानं अशी बांधलेली असतात की बॅटरचं तोंड साधारण ईशान्य-पूर्वेकडे असावं, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या डोळ्यांवर येत नाही. तोच सूर्य मग पहिल्या बेसच्या आणि राइट फिल्डच्या प्रेक्षकांच्या थेट डोळ्यांत जातो. जूनमध्ये ६:३५ च्या मॅचला तिथे पहिले दोन तास हात कपाळावर धरून बसावं लागतं. काही मैदानांची दिशा वेगळी आहे, तेव्हा नकाशावर एकदा पाहून घ्या.

लहान मूल बरोबर असेल तर संरक्षक जाळीच्या मागेच बसा. बॅटवरून सुटलेला फाउल चेंडू डगआउटपलीकडच्या (डगआउट म्हणजे खेळाडूंची बसायची जागा) रांगांत पोहोचायला सेकंदभर लागतो. त्या क्षणी मोबाइलमध्ये डोकं घातलेला माणूस हमखास सापडतो.

८. शाकाहारी माणसाने खायचं काय? डबा नेता येतो का?

डबा बहुतेक ठिकाणी नेता येत नाही. बाळाचं खाणं, औषधापायी लागणारं खाणं आणि बऱ्याच ठिकाणी पाण्याची सीलबंद बाटली यांना सूट असते. पिशवी पारदर्शक लागते का हे क्लबच्या संकेतस्थळावर असतं.

आत बिनधास्त खाण्यासारखं: पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झेल, आइसक्रीम आणि सालासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा फोडत मॅच पाहायला मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. टरफलं खाली टाकणं इथे रीतीला धरून आहे. अपवाद हार्टफर्ड यार्ड गोट्सचा. ॲलर्जी असलेल्यांसाठी त्यांनी २०१९ पासून मैदानात शेंगांवर बंदी घातली आहे.

फसवणारे पदार्थ दोन. एक 'चिली': नाचोज किंवा फ्राइजवर 'चिली' लिहिलेलं असेल तर ती मिरची नव्हे, बहुधा बीफचं कालवण असतं. दुसरं म्हणजे फ्राइज. ज्या तेलात चिकन तळतात त्याच तेलात तळलेले असू शकतात, खिडकीवर विचारा. काही मैदानांवर व्हेज बर्गर मिळतो, पण तो एखाद्याच कोपऱ्यातल्या दुकानात असतो आणि पाचव्या इनिंगपर्यंत संपतो.

९. टीव्हीवर पाहतो त्यापेक्षा नियम वेगळे आहेत का?

थोडे. डबलहेडर असेल, म्हणजे एका दिवशी दोन मॅच, तर त्या सात-सात इनिंगच्या असतात. बरोबरी झाली तर जादा इनिंग दुसऱ्या बेसवर एक धावपटू फुकट उभा करून सुरू होते. हे मायनरमध्ये २०१८ पासून आहे, मेजरमध्ये नंतर गेलं. पिचच्या घड्याळाचंही (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचं बंधन) तसंच झालं. चेंडू बॅटरच्या टप्प्यात होता (स्ट्राइक) की बाहेर (बॉल) या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची पद्धत ट्रिपल-एमध्ये काही हंगाम घासूनपुसून मग २०२६ पासून मेजरमध्ये आली. दाद फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर मागू शकतो, तीही लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारून. डगआउटातून इशारा आलेला चालत नाही. पुढे मेजरमध्ये काय येणार हे पाहायचं असेल तर मायनरचं मैदान हे त्याचं प्रयोगघर.

फुकटचा धावपटू का आणला असं विचारणाऱ्यांसाठी: १९८१ साली पॉटकेट आणि रॉचेस्टर यांची ट्रिपल-एची मॅच १८ एप्रिलच्या रात्री सुरू झाली आणि पहाटे चारनंतर, ३२ इनिंग होऊन थांबवली. तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक होते. उरलेलं २३ जूनला खेळले आणि ३३व्या इनिंगमध्येच निकाल लागला. त्या मॅचमध्ये पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले कॅल रिपकन ज्युनियर आणि वेड बॉग्ज दोघंही होते.

१०. स्कोअरकार्ड भरायला शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

पेन्सिलीपासून. पेनने भरलेलं पहिलं कार्ड तिसऱ्या इनिंगमध्ये फाडावं लागतं.

जागांचे क्रमांक पाठ करा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फिल्ड ७, सेंटर ८, राइट ९. घोटाळा होतो तो ५ आणि ६ चा. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असतो म्हणून त्याला ५ द्यावासा वाटतो, पण तो ६.

आता एक इनिंग भरून पाहू. पहिल्या बॅटरने जमिनीलगत शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने पहिल्या बेसला फेकून बाद केलं. चौकटीत ६-३, शेजारी गोलात १. दुसऱ्याला चार बॉल मिळाले, म्हणजे पहिला बेस फुकट: बीबी (बेस ऑन बॉल्स) लिहा आणि होमपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, पहिल्या बेसपर्यंत रेघ ओढा. तिसऱ्याने पुन्हा शॉर्टस्टॉपकडेच मारला. त्याने दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्या बेसला, दोघंही बाद. धावपटूच्या चौकटीत पहिल्या बेसपुढची रेघ अर्ध्यावर तोडून ६-४ आणि गोलात २. बॅटरच्या चौकटीत ६-४-३, डीपी (डबल प्ले) आणि गोलात ३. खाली तिरकी रेघ, इनिंग संपली. बॅट फिरवून तिसरा स्ट्राइक चुकवला तर 'के', उभ्या उभ्या पाहत राहिला तर तेच अक्षर उलटं.

मायनरमध्ये पिचर सारखे बदलतात. नवा पिचर आला की त्याने ज्या बॅटरपासून सुरुवात केली त्याच्या चौकटीवर जाड आडवी रेघ मारा. हे राहिलं तर शेवटी कोणी किती धावा दिल्या हे जुळत नाही. खेळाडूंची यादी ऐन वेळी बदलते, म्हणून छापील पत्रिकेवर विसंबू नका. मोठ्या पडद्यावर किंवा ॲपवर त्या दिवशीची फळी आली की मगच नावं लिहा.

११. पाऊस आला तर काय होतं? पैसे परत मिळतात का?

पैसे बहुतेक क्लब परत देत नाहीत, तिकीट बदलून देतात. महत्त्वाचा आकडा पाच: पाच इनिंग झाल्या (किंवा यजमान पुढे असेल तर साडेचार) की मॅच पूर्ण धरतात आणि तिकीट वापरलं गेलं असं होतं. त्याआधी थांबली तर बदली मिळते. नेमका नियम क्लबागणिक वेगळा असतो, म्हणून मूळ तिकीट ॲपमधून पुसू नका. बदली त्याच हंगामात वापरायची असते आणि ऑगस्टच्या शेवटी तिची आठवण येणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

वीज कडाडली की मैदान रिकामं करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबतात. मध्येच पुन्हा गडगडलं की तीस मिनिटं पहिल्यापासून. ताडपत्री ओढली म्हणजे मॅच गेली असं नाही. न्यू जर्सीतला जुलैचा पाऊस तासाभरात ओसरतो, अर्धे लोक निघून गेलेले असतात आणि उरलेल्यांना पुढच्या रांगा मोकळ्या मिळतात.

वाहून गेलेली मॅच बहुतेकदा त्याच आठवड्यात डबलहेडर करून भरतात (प्रश्न ९). रविवारी गेली आणि तो पाहुणा संघ पुन्हा येणारच नसेल तर ती रद्द. म्हणून हंगामाच्या शेवटी सगळ्या संघांच्या मॅच सारख्या भरत नाहीत आणि गुणतक्त्यात विजयांची टक्केवारी पाहतात.

१२. एका ठरावीक पिचरला पाहायचं आहे. तो कधी टाकणार हे कसं कळतं?

आठवड्यात सहा मॅच आणि साधारण पाच-सहा सुरुवातीचे पिचर, त्यामुळे प्रत्येकाचा वार जवळजवळ ठरून जातो. गेल्या आठवड्यात बुधवारी टाकला असेल तर या आठवड्यात मंगळवार, बुधवार किंवा फार तर गुरुवार. क्लब पुढच्या काही दिवसांचे पिचर जाहीर करतो, तेही पाहा.

बिघडतं ते चार कारणांनी. पाऊस एक दिवस पुढे ढकलतो. मेजर क्लबला अचानक पिचर लागतो. ऑगस्टमध्ये तरुण पिचरची इनिंग मोजून कमी करतात. आणि एखाद्याला सरळ 'डेव्हलपमेंट लिस्ट'वर टाकतात, म्हणजे दुखापत नाही, फक्त काही दिवस मॅच नाही. म्हणून तिकीट दोन दिवस आधी घ्या, महिनाभर आधी नाही.

१३. मुलीने ज्याचं नाव पाठीवर छापून घेतलं तो खेळाडूच गायब झाला. असं का?

बढती, बदली, दुखापत किंवा सुट्टी, चारांपैकी एक. ट्रिपल-ए आणि डबल-एमध्ये २८ जणांची फळी असते, खालच्या दोन पायऱ्यांवर ३०, आणि ती आठवड्यातून अनेकदा हलते. जास्त उलथापालथ होते ती तीनदा: जूनच्या उत्तरार्धात हंगामाचा पहिला भाग संपल्यावर (प्रश्न १७), जुलैअखेरीच्या सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना, आणि १ सप्टेंबरला, जेव्हा मेजर संघांना २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात.

डोळ्यांसमोर घडताना ओळखायचं असेल तर डगआउटकडे लक्ष ठेवा. धडधाकट खेळाडूला चौथ्या इनिंगमध्ये काढलं, तो लंगडत नाहीये, आणि सहकारी एकेक करून येऊन त्याला मिठी मारताहेत: तो चालला. वर की दुसऱ्या क्लबाकडे, हे चेहऱ्यांवरून थोडंफार कळतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे दृश्य टिपायला लोक मुद्दाम येतात.

जर्सीचा उपाय सोपा: नाव छापू नका. क्लबाच्या बोधचिन्हाची टोपी घ्या, ती कोणी गेल्याने जुनी होत नाही. गेलेल्याचा पाठपुरावा करायचा असेल तर ॲपमध्ये संघाऐवजी खेळाडूला 'फॉलो' करा. हंगाम रंगतो तो असा, अर्धा संघाचा आणि अर्धा माणसांचा.

१४. मेजर लीगचा मोठा खेळाडू आमच्या मैदानावर येणार म्हणतात, खरं का?

बहुधा रिहॅबसाठी. दुखापतीतून बरा होणारा मेजर खेळाडू काही दिवस मायनरमध्ये खेळतो. बॅटर जास्तीत जास्त २० दिवस, पिचर ३०. घोषणा एक-दोन दिवस आधी होते आणि खिडकीवर रांग लागते. तो पूर्ण मॅच खेळेल अशी अपेक्षा ठेवू नका, बॅटर पाच-सहा इनिंगनंतर निघून जातो. उशिरा पोहोचू नका एवढंच. रीत अशी की असा पाहुणा सगळ्या संघाला चांगलं जेवण देतो, त्यामुळे त्याच्या येण्याने सर्वांत खूश ड्रेसिंग रूम असते.

१५. खेळाडूंची सही कशी मिळवायची?

गेट उघडल्याबरोबर आत जा आणि डगआउटच्या टोकाशी, आउटफिल्डच्या बाजूला उभे राहा. सराव संपवून परतताना, मॅचच्या साधारण ४० ते २० मिनिटं आधी, खेळाडू थांबतात. त्या दिवशी टाकणाऱ्या पिचरला अजिबात हाक मारू नका. चेंडूवर निळं बॉलपेन वापरा, मार्करची शाई चामड्यात पसरते. कार्डावर मात्र मार्करच. नाव माहीत करून घेऊन हाक मारा. 'ए, बारा नंबर' ऐकून कोणी वळत नाही. एका वेळी एकच वस्तू पुढे करा. पाच कार्डं धरली की विकायला आलेला समजतात.

१६. या खेळाडूंना पैसे किती मिळतात?

२०२३ मध्ये पहिल्यांदा मायनर खेळाडूंच्या संघटनेचा करार झाला. त्यात वर्षाचा किमान पगार असा ठरला: सिंगल-ए २६,२०० डॉलर, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. राहण्याची सोय २०२२ पासून मेजर क्लबांकडे आहे. त्याआधी सहा जण एका फ्लॅटमध्ये हवेच्या गाद्या टाकून राहायचे.

१७. गुणतक्त्यात 'पहिला अर्धा' आणि 'दुसरा अर्धा' असं का असतं? प्लेऑफला कोण जातं?

हंगाम दोन भागांत मोडतात. जूनच्या उत्तरार्धात पहिला भाग संपतो, सगळ्यांची पाटी कोरी होते. पहिल्या भागाचा विजेता आणि दुसऱ्या भागाचा विजेता प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, भेटतात. यामुळे दोन चमत्कारिक गोष्टी होतात. जूनमध्ये जिंकलेला संघ ऑगस्टमध्ये तळाशी असूनही प्लेऑफ खेळतो, कारण जिंकून देणारी मुलं एव्हाना वर गेली (प्रश्न १३). आणि तुमचा संघ पहिल्या भागात बुडाला तरी जुलैपासून नव्याने आशा. एकाच संघाने दोन्ही भाग जिंकले तर दुसरी जागा लीगच्या नियमाप्रमाणे आणखी एका संघाला मिळते.

मालिका तीन मॅचची असते, चटकन संपते. ट्रिपल-एमध्ये दोन्ही लीगचे विजेते शेवटी लास व्हेगासमध्ये एकच मॅच खेळतात. प्लेऑफची तिकिटं बहुतेक योजनांत धरलेली नसतात, पण शाळा सुरू झालेल्या असल्याने गर्दीही नसते.

१८. पुण्यात बसून पाहता येईल का?

येईल. मायनर लीगचं स्वतंत्र स्ट्रीमिंग आहे आणि मेजर लीगच्या ॲपमधूनही पोहोचता येतं. अडचण वेळेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७:०५ ची मॅच भारतात पहाटे ४:३५ ला, टेक्साससारख्या मध्य भागातली ५:३५ ला, पश्चिम किनाऱ्यावरची सकाळी ७:३५ ला. चहाबरोबर पाहायला शेवटची उत्तम. पूर्वेकडची रविवारी दुपारी १:०५ ची मॅच आपल्याकडे रात्री १०:३५ ला लागते. शाळांच्या दिवसाची सकाळी ११:०५ ची (प्रश्न ६) रात्री ८:३५ ला, तेव्हा आवाज कमी ठेवा.

खालच्या पायऱ्यांवर काही मैदानांत एकच कॅमेरा असतो आणि समालोचन रेडिओचंच जोडलेलं. चित्र अडकतं, माणूस मात्र नऊ इनिंग एकट्याने बोलत असतो आणि बऱ्याचदा तोच ऐकण्यासारखा असतो.

१९. आमचा बॅटर .३४० मारतोय. तो पुढचा स्टार ना?

.३४० म्हणजे शंभरात ३४ वेळा यशस्वी फटका. पण कुठे मारतोय ते पाहा. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्कीचं मैदान पाच हजार फुटांच्या वर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, वळतो कमी, आणि सगळ्यांचेच आकडे फुगतात. तिथल्या पिचरचे वाईट आकडेही त्याच मापाने माफ करा. वय दुसरी कसोटी: डबल-एमध्ये २० वर्षांच्या मुलाचे .२६० हे २६ वर्षांच्या माणसाच्या .३२० पेक्षा जास्त बोलतात. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडातल्या सिंगल-एचे चेंडूच्या वेगाचे, बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाचे आकडे 'बेसबॉल सॅव्हंट' या संकेतस्थळावर फुकट दिसतात. तिथे पंधरा मिनिटं घालवा, मग पैज लावा.

२०. ट्रेंटन थंडर, लाँग आयलंड डक्स, शॉमबर्ग बूमर्स हे तुमच्या १२० मध्ये दिसत नाहीत?

कारण ते त्यात नाहीत. २०२१ च्या फेररचनेत मेजर क्लबांशी संलग्न संघ १६० वरून १२० झाले. ट्रेंटन पूर्वी यांकीजचा डबल-ए होता, तो मान सॉमरसेटकडे गेला आणि ट्रेंटन ड्राफ्ट लीगमध्ये, म्हणजे ड्राफ्टच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूंच्या लीगमध्ये, आलं. डक्स अटलांटिक लीगमध्ये आणि बूमर्स फ्रंटियर लीगमध्ये, म्हणजे स्वतंत्र लीगमध्ये. तिथे खेळाडू क्लबाचेच, जिंकण्यासाठीच ठेवलेले, त्यामुळे प्रश्न १ मधली डोकेदुखी नाही. आवडत्या संघाने जिद्दीने जिंकावं एवढंच हवं असेल तर उलट इकडेच या.

२१. यात भारतीय कोणी खेळलं आहे का?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ साली भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघंही २००९ मध्ये मायनरच्या तळच्या पायरीवर खेळले. रिंकू पुढे काही वर्षं टिकला, मेजरपर्यंत मात्र पोहोचला नाही. नंतर तो व्यावसायिक कुस्तीत गेला. भारतीय वंशाच्यांत कुमार रॉकर, आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले. रेंजर्सने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, कोपराची शस्त्रक्रिया झाली, मग फ्रिस्को आणि राउंड रॉक (रेंजर्सचा ट्रिपल-ए) करत सप्टेंबर २०२४ मध्ये मेजरमध्ये उतरला.

२२. आमचा संघच गाव सोडून चाललाय म्हणतात. पासाचं काय?

असं होतं. २०२१ पासून मेजर लीगने मैदानांसाठी अटी कडक केल्या: ड्रेसिंग रूमचा आकार, दिवे, आत सरावाची जागा, महिला कर्मचाऱ्यांची वेगळी सोय. हा खर्च कोणी करायचा यावर नगरपालिका आणि मालकाचं जमलं नाही की नवं मैदान बांधून देणारं दुसरं गाव पुढे येतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनचा संघ २०२५ साठी साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला गेला, तर झेब्युलॉनचे मडकॅट्स २०२६ पासून विल्सनमध्ये नव्या नावाने आले. मेजर क्लबांशी असलेले सध्याचे परवाने दहा वर्षांचे, २०३० पर्यंतचे आहेत, त्यामुळे त्या सुमारास आणखी हलवाहलव होईल.

जाण्याची घोषणा साधारण वर्ष-दोन वर्षं आधी होते. तोवर अनेक हंगामांचा करार किंवा पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम देऊ नका, चालू हंगामापुरतंच घ्या. जुन्या बोधचिन्हाची टोपी हवी असेल तर जुलैच्या आत घ्या. शेवटच्या आठवड्यात दुकानात उरतात त्या फक्त लहान मुलांच्या मापाच्या.